पसा

बांबू फुलला त्या वर्षी
उंदरांनी आमच्या मिझो डोंगरावरचं भात
एका रात्रीत संपवलं.
तरी चूल पेटवण्याआधी
आई चर्चच्या डब्यात मूठभर तांदूळ टाकायचीच.
मी हिशेब करायचे:
सात दिवस पुरतील. मग, सहा.

"मूठ जरा लहान घे ना,"
न राहवून म्हटलं.
तिनं हात पुढे केला.
संधिवातानं ताठलेली बोटं मिटेनातच.
"आता पसाच येतो गं.
देणाऱ्यानंच माप बदललंय."

शनिवारी रोहलुपुई पिशवी घेऊन आली,
डबा उपडा करून गेली.

सोमवारी पहाटे ओसरीवर
कुणीतरी ठेवलेल्या अळकुड्या,
मातीसकट.
आईनं नाव विचारलं नाही.
धुवायला बसली,
आणि आधी दोन
डब्याशेजारी ठेवल्या.