अर्धी वीत

ताल्काहुआनोच्या गोदीमागे आमची रात्रशाळा.
निबाल्दो येतो तो अंगाला जळक्या लोखंडाचा वास घेऊन,
बावन्न वर्षांचा, शर्टाला चष्मा पुसत.
आज लॉगॅरिदमचा आलेख. पाया दोन.

एकला शून्य. दोनला एक. चारला दोन. आठला तीन.
डावीकडे अर्ध्याला उणे एक, पावाला उणे दोन.
जोडण्याआधी पत्र्याला टाके मारतो
तसे त्यानं ठिपके मारले,
मग पेन्सिल एका दमात ओढली
आणि पानाच्या तळाशी
रेषा उभ्या अक्षाला चिकटवून मोकळा झाला.

"टेकली?"
"कागद संपला, बाई."
"कागद संपला. रेषा संपली?"

बसला मग निम्मं करत.
पाव, अष्टमांश, सोळावा, बत्तिसावा,
चष्मा कपाळावर, ओठ हलताहेत.
"उरतंच आहे काहीतरी."
आणि एकदम,
"वेल्डिंगची कांडी! टेकवली की चिकटते, ज्योत मरते.
जवळ धरायची. टेकवायची नाही."

तंतोतंत नाही जुळत ते,
कांडीचं अंतर काही असं घटत जात नाही.
पण मी खोडलं नाही.
त्या उभ्या अक्षाला अनंतस्पर्शी म्हणतात.
स्पर्श काय तो नावात.

उजवीकडे मात्र त्यानं छत घातलं,
तुटक रेषेचं, पट्टीनं, नीट.
"आता काय चढतेय ही? दमली."
मिर्ता म्हणाली, "आडवीच झालीय की."

मी म्हटलं, चौकोन अर्ध्या सेंटिमीटरचा.
वीस चौकोन चढायला किती चालावं लागेल, काढा.

मोबाइलवर बोटं.
दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर चौकोन.
पाच किलोमीटर, वर थोडं.
म्हणजे दारातून बाहेर, गोदी ओलांडून, पार खाडीत.
"आणि उंची?"
"दहा सेंटिमीटर. अर्धी वीत."

सगळे हसले.
तो नाही हसला.

तेवढ्यात जमीन हलली.
खडू टेबलावरून घरंगळला, दिव्याची वायर डोलली.
कुणी उठलं नाही.
"चारचा," मिर्ता म्हणाली.
"छे, तीनचा."
तीन आणि चारात एकाचं अंतर नसतं
हे इथे शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक असतं,
मला ते शिकवावं लागत नाही.

खडू उचलून वर पाहिलं तर
निबाल्दो छत खोडत होता,
खोडरबराची भुकटी फुंकत,
वहीच्या उजव्या कडेला
दुसरा कागद चिकटवायला
मिर्ताकडे गोंद मागत.