पटावरची एकसष्ट

विदर्भात शाळा उशिरा भरते,
जून सरता सरता, ऊन जरा दमल्यावर.
कपाट उघडलं तर आधी झुरळं निघाली,
मग पंच्याहत्तर सालचं दाखल-खारीज
आणि त्याच्या पोटात दुमडलेला हजेरीपट.

पहिली अ, पहिली ब, पहिली क,
दुपारपाळीत पहिली ड.
नंदनवार, पराते, निमजे, धकाते, पुन्हा पराते.
वडिलांचा धंदा: विणकर. विणकर. विणकर. गिरणीत.
जन्मतारीख बहुतेकांची एक जून,
गुरुजींना तेवढीच पाठ असावी.

त्यात मी आहे.
चंद्रकला दौलत सोनकुसरे, अ तुकडी, एकसष्ट.
अडुसष्ट पोट्टे एका खोलीत,
तरटपट्टीवर मांडीला मांडी.
बोंदरे बाई हजेरी नाकात बोलायच्या,
साठीपर्यंत त्यांचा आवाज
चहाला निघून गेलेला असायचा.
हजर म्हटलं काय, नाही म्हटलं काय,
काडी पडायचीच.
चार वर्षांत बाईंनी मला नावानं हाक मारली
ती एकदा.
तेही नाव माझ्या बहिणीचं.

मग पट उसवत गेला.
तांडापेठेत उसवणं सगळ्यांना कळतं,
तरी पहिला धागा कुठून निघाला
ते कोणी नीट सांगत नाही.
माग थांबले. गिरणीचा भोंगा थांबला.
घरोघरी दोनच लेकरं झाली,
आणि 'दोनच' हे तर आम्हीच सांगत फिरलो होतो
दारोदार, सर्वेक्षणाचे तक्ते काखेत मारून.
गल्लीच्या तोंडाशी पिवळी व्हॅन उभी राहू लागली.

त्या व्हॅनमध्ये माझा पराग होता.
सकाळी त्याच्या टायची गाठ मीच मारायची,
हात हलवून टाटा करायची,
आणि पायी इथं यायची
मराठी शिकवायला.

ड गेली, कोणी रडलं नाही.
क गेली, तेव्हा बाकं पुरायला लागली म्हणून बरंच वाटलं.
एका वर्षी पटपडताळणी आली,
पोरांच्या बोटांना मतदानाची शाई लागली.
चाळीस पोरांनी त्या दिवशी मत दिलं,
कोणाला, ते अजून कळलं नाही.
ब च्या खोलीत आता खिचडीच्या तांदळाची पोती.

आज पटावर अकरा.
चारही वर्ग मिळून.

मला ठाऊक आहे
धनेश्वरीची आई कोणत्या इमारतीवर विटा चढवते,
बालाघाटहून ते लोक कधी येतात
आणि धानाच्या वेळी कधी न सांगता जातात.
अल्फिया आठाच्या पाढ्यात
अठ्ठेचाळीसपाशी का हसते, तेही.
शौर्यचा चष्मा मी बदलून आणला,
तेव्हा समजलं, पोरगा मठ्ठ नव्हता,
त्याला फळाच दिसत नव्हता.
कोण उपाशी आलं ते 'हजर'च्या आवाजावरून कळते.
बत्तीस वर्षं शिकवून
शिकवणं मला आत्ता कुठं जमू लागलं आहे.

आणि हेडाऊ शिपाई पाकीट घेऊन येतो.
वीसच्या आत पट, सबब समायोजन,
शाळा रेल्वेरुळाच्या पलीकडे.
"मॅडम, माह्यं बी समायोजन होऊन राह्यलं काय?"
कागद म्हणतो, अकरा म्हणजे शाळा नव्हे.
अडुसष्ट म्हणजे होती का,
ते कागद विचारत नाही.
आणि खरं सांगायचं तर
मीही तेव्हा विचारलं नव्हतं.

हजेरी घेतली. अकरा नावं, सावकाश, आडनावासकट.
तरी मिनिट झालं नाही.
जुना पट टेबलावर उघडाच होता,
तोंडातून निघून गेलं:
एकसष्ट?

पंखा फिरत होता.
पोरं एकमेकांकडे बघत होती.
मागून धनेश्वरी म्हणाली,
"वो गाँव गई होगी, मैडम. आ जाएगी."