जानेवारीचा माल

सोहारच्या बंदरामागे, आमच्या गोदामात,
सी ओळीच्या सातव्या कप्प्यात
काळ्या प्लास्टिकात गुंडाळलेले चाळीस खोके आहेत.
एक जानेवारीपर्यंत उघडायचे नाहीत.
एक फाटला. कोपऱ्यावर, फोर्कलिफ्टचं टोक लागून.
नुकसानीचा फॉर्म मीच भरला,
म्हणून मी पाहिलंय.

आणि घरी, तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात
माझी मिहिका, समोरचा खलफान, तळमजल्यावरचा बेसिल
चपला काढून बसलेत,
जणू कुणाचं लग्न ठरवायचंय.
यंदा ते जहाज येणार. सिनेमातलं ते मोठं,
तिसऱ्या भागात चंद्राच्या पाठीमागे अडकतं ते.
बेसिल म्हणतो, दोन हजार तीनशे तुकडे, कमी नाहीच.
खलफानच्या मामाच्या मित्राने दुबईत
एक फोटो पाहिलाय, धूसर, अंगठ्याएवढा,
त्यात राखाडी काहीतरी आहे.
"गडद राखाडी की फिकट?"
मिहिका उलटतपासणी घेते.
गडद असेल तर जहाज. फिकट असेल तर नुसता तळ,
आणि नुसत्या तळाला कोण देणार एकोणनव्वद रियाल?

किंमत नऊने संपते, त्यावरून त्यांनी ताडलंय
की आत दिवा लागणार.
गेल्या वर्षी म्हातारी वैमानिक दिली नव्हती,
म्हणजे यंदा द्यावीच लागेल.
हा न्याय यांना कुणी शिकवला?
मी तर नाही.

खुबूस आणि दह्याची पिशवी सांभाळत
मी त्यांच्यामधून पाय टाकत वर चढतो.
"बाबा, तुम्हाला काय वाटतं?"

मला वाटत नाही गं. मला माहीत आहे.
जहाज आहे, पण वीतभर.
आठशे बारा तुकडे.
पंखावरची खूण छापलेली नाही, स्टिकर आहे,
तो तू वाकडाच लावशील आणि रडशील.
दिवा नाही. म्हातारी नाही.
तिच्या जागी एक यंत्रमानव, तोही जुन्याच संचातला.
कुणाला सांगणार नाही म्हणून मी सही केलीय.
त्याच आठवड्यात आणखी एका कागदावर केली,
त्याच्यावर एकतीस डिसेंबर लिहिलंय.
तो मी डब्याच्या पिशवीत घडी घालून ठेवलाय,
मिहिकाच्या आईच्या हाती लागू नये इतका खाली.

"बघू," म्हणतो.

शुक्रवारी दुपारी उठून बघतो तर
दिवाणखान्याच्या गालिच्यावर जहाज उतरलेलं.
थांबवत नाही म्हणून त्यांनी स्वतःच बांधलं,
तिघांचे डबे एकत्र उपडे करून.
राखाडी संपल्यावर पिवळा, पिवळा संपल्यावर
बेसिलच्या अग्निशमन केंद्राच्या लाल भिंती.
वरची तबकडी म्हणजे लोणच्याच्या बरणीचं झाकण,
अजून वास येतोय.
पोटात खलफानच्या सायकलचा मागचा दिवा,
लागतो, विझतो, लागतो.
आणि खिडकीत म्हातारी!
कुठल्याशा समुद्रचाच्याची पांढरी दाढी
उलटी करून डोक्यावर बसवलीय,
अंबाडा तंतोतंत.

"हे नुसतं कच्चं आहे बाबा," मिहिका म्हणते,
"अंदाज यावा म्हणून. खरं याहून मोठं असेल."
दूध पावडरच्या डब्यात एकेचाळीस रियाल साठलेत,
उरलेले मी घालायचे, हे ठरलेलं.
"पहिल्याच दिवशी आणाल ना? गोदामातून?
तुमच्या हाताखालूनच तर जाणार ते."

मी गुडघ्यावर बसतो.
जहाजाची लांबी बघतो, मग रुंदी,
मग त्या झाकणाची उंची.
"मोजताय का?" ती खूश होऊन टेप आणायला धावते.

टेप नको होती.
माणशी तीस किलो, तीन माणसं,
आणि हे कुठल्याच बॅगेत आडवं मावत नाही.