हातच्याची वजाबाकी

साखळीच्या शाळेत, बाकं भिंतीकडे सारून,
आम्हा एकतीस मास्तर-बायांना चटईवर बसवलं.
मांडी घालताना केरीच्या माजिक सरांचा गुडघा वाजला
आणि हशा पिकला पहिलीच्या वर्गासारखा.

नेत्रा च्यारी, माझ्या धाकटीच्या वयाची,
खडू न घेताच उभी राहिली.
प्रत्येकापुढे माडाचे हीर, बोटभर कापलेले,
आणि मूठभर रबरबँड.
दहा-दहाच्या जुड्या बांधा, म्हणाली.
बांधल्या. उरलेल्या एका हिराने
फ्लोरिंदा टीचर दात कोरत बसल्या.

"आता बेचाळीसातले सतरा मला द्या.
आणि कागद नको."

ही वजाबाकी मी सत्तावीस वर्षं केली आहे फळ्यावर,
तापात, सुतकात, तपासणीला साहेब आलेले असताना.
दोनातून सात जात नाहीत, हातचा घ्या,
बारातून सात गेले, पाच.
पण पुढ्यात चार जुड्या, दोन सुटे हीर.
सात द्यायचे कुठून?
क्षणभर माझे हात नुसतेच मांडीवर.

मग एक रबरबँड काढला.
जुडी चटईवर पसरली,
एक हीर माजिक सरांच्या मांडीखाली गेला.

हा होय.

फोंडू गावडे, इयत्ता तिसरी, नगरगाव.
खिशात काजूबिया घेऊन यायचा,
मधल्या सुट्टीत हरायचा, जिंकायचा,
कुणाकडे किती येणं, सगळं तोंडावर.
वर्गात मात्र एकच विचारायचा,
"बाई, हातचो खंय आसता?"
तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हटलं, कर पुढे हात.
आणि छडीने दाखवला.
त्यानंतर त्याने काहीच विचारलं नाही
आणि मी समजले, त्याला समजलं.

कुणाला काही अडलंय का, नेत्रा विचारत होती.
मी हात वर केला नाही.
समोसा खाल्ला, चहा घेतला, हजेरीपटावर सही केली,
अभिप्रायात लिहिलं : प्रशिक्षण उपयुक्त वाटले.
वाळपईच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, बाये, सुटे दी.
मी त्याच्या तळव्याकडे बघत राहिले.
तो फोंडू नव्हता. फोंडूचे केस कुरळे होते.

सोमवारी वर्गात बाकं सारली.
इतका गलबला की शेजारच्या वर्गातून
सर दोनदा डोकावून गेले.
हातचा हा शब्द मी दिवसभर उच्चारला नाही.
सान्वी झोरेने एक सोडायची, तर चारही जुड्या सोडल्या.
बेचाळीस हीर, सगळे सुटे,
त्यातून जीभ बाहेर काढून मोजले सतरा,
माझ्या ओंजळीत दिले,
राहिलेले पंचवीस फ्रॉकमध्ये घेऊन विचारते,
"बाई, चुकलं?"

काय सांगावं, पुस्तिकेत नाही.
मी तिच्याजवळ खाली बसते.
गुडघा वाजतो.
सगळा वर्ग हसतो.