दोन बोटं माया

नाव शालन दत्तात्रय फुटाणे. वय त्रेपन्न.
धंदा शिवणकाम. राहणार धायरी फाटा.
खरं सांगेन, असं म्हणाले.
शिवाजीनगर कोर्टात पंखा होता, वारा नव्हता.

शिपायानं पाकिटाची लाख फोडली,
टेबलावर ब्लाउज ठेवला.
मोरपंखी. बाही कोपरापर्यंत.
पाठीला नाडी, नाडीला दोन गोंडे,
एक गोंडा वाळून कडक.
"ओळखता?"
हुकाखालचा टाका बघा, उलटा वळलाय.
मी डावरी आहे साहेब.

माप देताना हर्षला म्हणाली होती,
काकू, आत माया ठेवा दोन बोटं,
लग्नानंतर मी जाड होणार आहे, ठरलंय माझं.
रजिस्टर लग्नाला कशाला गं एवढी नाडी-गोंडे?
तर म्हणते, फोटो निघणार ना.
तिची छाती, कंबर, दंड
अजून आहेत माझ्या वहीत, निळ्या शाईत.
पुढं लिहिलंय: मंगळवार, पाच वाजता.

शनिवारी तिचा भाऊ आला, विक्रांत.
त्याच्या शाळेच्या चड्डीला मी ठिगळं लावलीत,
पैसे न घेता.
"ताईचा ब्लाउज कधी होतोय?"
मी वही उघडली.
मी वही उघडली आणि वाचून दाखवलं.
बाहेर गाडीत त्याचा चुलता,
काच खाली करून थुंकला, काच वर केली.

मंगळवारचं
माझ्या पायरीला विचारा.

नंतर सगळ्या गल्लीला दिसेनासं झालं.
वडेवाला खाली वाकलेला होता,
मेडिकलवाला आत औषध शोधत होता,
सोसायटीचा कॅमेरा तेवढाच बिघडलेला.
भावकी म्हणाली, पोरगं तापट,
रागाच्या भरात झालं,
घराच्या इज्जतीचा प्रश्न होता.
इज्जत.
तीस वर्षं गळ्यात टेप घालून बसलेय,
हिचं माप मला कुणी दिलं नाही.
कात्री चालते तेव्हा कापड मात्र पोरीचंच.

दिवाळीच्या तोंडावर एक साडी आली फॉल-पिकोला.
घडीत वीस हजार.
फॉल लावला, पिको केली,
नोटा पदराला टाचून परत दिल्या.
मजुरी नव्वद. ती घेतली.
तेव्हापासून फाट्यावरच्या बायका
वडगावला शिवायला टाकतात.

त्यांचा वकील उठला. शर्टाचा काखेतला टाका गेलेला.
"म्हणजे दिवस आणि वेळ
तुम्हीच सांगितलीत, बाई?"
त्याला वाटलं, मी रडेन.
मी रडून आले होते. दोन वर्षं.

हो. मीच सांगितली.
तेच सांगायला आलेय.
राग शनिवारी येऊन
मंगळवारी पाचपर्यंत थांबतो का साहेब?
वेळ विचारून जातो का?
आणि गाडीत होता तो
तिसऱ्या बाकावर बसलाय, पांढऱ्या टोपीत.
तुमच्या कागदावर त्याचं नाव नाही.

टोपी हलली नाही.
टायपिस्टची बोटं मात्र थांबली.
न्यायाधीशबाईंनी चष्मा पुसला, म्हणाल्या,
साक्षीदार म्हणतात तसं लिहा.
मग खटखट, ओळीमागून ओळ,
जाड कापडावर चालल्यासारखी.

निकाल नाही. पुढची तारीख पडली.
त्याच्या नावाचं काय करायचं
तेही त्याच तारखेला.

बाहेर जिन्यापाशी तो उभा होता,
हर्षलाचा तो. शोरूमचाच शर्ट, खिशावर नावाची पट्टी.
हळूच म्हणाला,
काकू, तो ब्लाउज मिळतो का नंतर?
मिळतो, म्हटलं. अर्ज करायचा.
खटला संपला, अपिलाची मुदत गेली की
देतात बहुतेक.
त्यानं मान डोलावली, मोबाईलमध्ये लिहून घेतलं.
आत दोन बोटं माया आहे,
हे त्याला माहीत नव्हतं.
मी सांगितलं नाही.

दांडेकर पुलापर्यंत बसमध्ये उभ्यानं आले.
मग जागा मिळाली.