घंटेची तार

डब्लिनला, कालव्यापासून तिसऱ्या गल्लीत,
चार मजली विटांचं घर. दारावर अर्धगोल काच,
दाराशेजारी पितळेच्या पाच पाट्या:
हिशेबनीस, विमा, दोन वकील,
आणि एक कंपनी, जी नेमकं काय करते
ते खालच्या पहारेकऱ्यालाही ठाऊक नाही.

विटा अशा रचल्यात: एक लांबीनं, एक डोक्यानं,
पुन्हा लांबीनं. सांध्यांत चुन्याची बारीक रेघ,
पट्टी धरून वही आखावी तशी.
मागच्या भिंतीची एवढी हौस कुणी केली नाही.
तिथे मिळेल ती वीट, जमेल तसा हात.

खिडक्या मोजायच्या तर खालून वर मोजाव्यात.
दिवाणखान्याची: उंच माणूस टोपीसकट मावेल.
निजायच्या खोल्यांची त्याहून बुटकी,
मुलांची त्याहून,
आणि पार वर, छपराखाली, मोलकरणींची:
पोळपाटाएवढी.
ऊन कुणाला किती
हे गवंड्याला नकाशातच सांगून ठेवलं होतं.
आता तिथे प्रिंटर आहे.

मधली साठ-सत्तर वर्षं इथे
एका खोलीत एक कुटुंब राहिलं.
त्यांची पाटी नाही.
एका थंडीत त्यांनी कठड्याचे दांडे जाळले, अकरा.
नवे बसवलेत, हुबेहूब.
फक्त जरा जास्तच सरळ.

डर्व्हला क्विलिगन, इलेक्ट्रिशियन,
केबल टाकायला दिवाणखान्याची फळी उचलते.
खाली राख आणि शिंपले,
वरचं बोलणं खाली जाऊ नये म्हणून भरलेले.
त्यातून गेलेली एक तांब्याची तार, हिरवट.
मेलेली असणार, म्हणून ती ओढते.

तळघरात, जिथे चूल होती
आणि आता सर्व्हर घुमतोय,
मलॅकी हॅनिफन डबा खात बसलाय.
त्याच्या डोक्यावर, रंगाचे सात थर चढलेली घंटा
वाजत नाही, जीभ चिकटलीय तिची.
नुसती खट् करते.

आणि मलॅकी उठतो.
हात पुसतो. गळ्याचं बटण लावतो.
मागच्या अरुंद जिन्याच्या तीन पायऱ्या चढल्यावर
त्याच्या ध्यानात येतं
की आपल्याला कुणी बोलावलेलं नाही.

"खाली काही हललं का रे?" वरून डर्व्हला.
"नाही," तो म्हणतो,
आणि पायाखाली बघतो:
पायरी मधोमध झिजून खोलगट झालेली,
त्याच्या बुटाच्या मापाची.