परिशिष्ट क

मंगळवार, संध्याकाळचे सात. नगरभवन, खोली क्रमांक दोन.
नियोजन समितीचे सात जण, पाण्याचे सात पेले
आणि कोपऱ्यात मी, इतिवृत्त लिहिणारी.
एकोणीस वर्षं झाली.
कोण काय म्हणालं ते लिहिते.
कसं म्हणालं, ते लिहायची पद्धत नाही.

भिंतीवर चित्र उमटलं:
बंद कागद गिरणीच्या जागी
पाच मजली काच, दोनशे बारा गाड्यांचा तळ.
अशा चित्रांत कायमचा जून असतो.
बाबागाडी ढकलणाऱ्या बाईला सावली नाही,
अजून न लावलेली झाडं वीस वर्षांची,
नदी निळी.

आमची नदी कधीच निळी नव्हती.
विस्कॉन्सिनच्या उत्तरेकडच्या दलदलींतून येते,
दुसऱ्यांदा उकळलेल्या चहाच्या रंगाची.
मार्चअखेर तिच्यावरचा बर्फ फुटतो
तेव्हा रात्रभर वाटतं
वरच्या मजल्यावर कुणी कपाटं सरकवतंय.

नियम म्हणतो, काठापासून पंचाहत्तर फूट सोडा.
अर्जदार म्हणतो, चाळीस.
मधल्या पस्तीस फुटांवर दीड तास गेला.

अभियंता लिंडेमान यांनी
शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर
लेझरच्या लाल ठिपक्याने दाखवला.
ठिपका जरा थरथरत होता.
नोंद घेतली नाही.

माय नेंग वांग बाजूने बोलली.
नवरा पहाटे चारला निघतो, नव्वद मैल,
पोरांना तो भेटतो रविवारी.
"काम इथे येत असेल तर येऊ दे," म्हणाली,
आणि मग, कुणी विचारलं नसताना,
"आई माझी त्याच काठावर गळ टाकून बसते."
मी लिहिलं: श्रीमती वांग, अनुकूल.

मागच्या रांगेतून कुणी पुटपुटलं,
कुठेतरी पाणी मुरतंय.
लोक हसले.
लेस्टर गुंडरसन हसले नाहीत.
त्यांना वाटलं, पत्ता विचारताहेत.

उठले. वय ब्याऐंशी, शाळेचे जुने रखवालदार.
बगलेत दाराच्या चौकटीची एक बाही,
घरातून करवतीने कापून आणलेली.
एका अंगाला पेन्सिलीच्या खुणा:
कॅरल सहा, कॅरल सात, डेनी चार.
दुसऱ्या अंगाला तपकिरी रेघा, तीन.
"हे तुमचं शंभर वर्षांतून एकदा
माझ्या स्वयंपाकघरात तीनदा येऊन गेलं.
मधल्या वेळी ते डेनीपेक्षा उंच होतं."
एवढंच.
प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात.
उरलेली दोन ते नुसते उभे राहिले,
बाही धरून,
आणि अध्यक्षबाईंना त्यांना बसवता येईना,
कारण वेळ त्यांची होती.
इतिवृत्तात शांततेला रकाना नाही.

साडेदहाला एकदाचं घोडं न्हालं.
चार विरुद्ध तीन. पंचावन्न फूट, चौदा अटी.
अर्जदार नाराज, विरोधक नाराज,
म्हणजे काम चोख झालं, असं आमच्याकडे मानतात.

दाराशी गुंडरसन थांबले होते.
"ते लाकूड परत मिळेल का?
जूनमध्ये कॅरल येणार आहे."
पुरावा म्हणून दाखल झालेली वस्तू
सात वर्षं हलवता येत नाही.
हे मी त्यांना सांगितलं.
त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं
आणि टोपी घातली.

दफ्तरखाना तळघरात आहे.
खालच्या कप्प्यातली खोकी फुगलेली,
भिंतीला क्षाराची एक पांढरी रेघ,
जिच्याकडे पाहायची मला सवय नाही राहिलेली.
बाही जमिनीवर उभी करून भिंतीला लावली.
रेघ कॅरलच्या सहाव्या वर्षाला येऊन टेकली.

थोडा वेळ तिथे उभी होते.
मग शिडी आणली,
सर्वांत वरचा कप्पा रिकामा केला,
ती आडवी ठेवली, पेन्सिलीची बाजू वर,
आणि वर येऊन शेवटची ओळ टंकली:

परिशिष्ट क. लाकूड, एक नग.